बावखलाकाठचं तण

वसईजवळच्या सांडोरचे सुधाकर राऊत, म्हणजे अप्पा, जगातल्या बहुतेक माणसांना मूर्ख समजत. त्यातही डॉक्टर हे फी घेणारे मूर्ख, औषधांचे दुकानदार हे त्यांचे दलाल, आणि विरारला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन खिडकीच्या जाळीत तुळस लावणारे हे हौशी मूर्ख. ह्या शेवटच्या वर्गात त्यांचा स्वतःचा मुलगा जितेश मोडत होता. मनवेलपाड्यातल्या त्याच्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा अप्पा गेले, पोटभर जेवले आणि बेसिनपाशी हात धुताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टँकरच्या पाण्याने आंघोळ करणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली." जितेश हसला. त्याला सवय होती.

अप्पांना इतरांना तुच्छ लेखायचा हक्क होता, निदान त्यांना तसं वाटे, कारण त्यांच्या घरात काविळीचं औषध होतं. आज्यापासून चालत आलेलं. दर रविवारी सकाळी त्यांच्या केळीच्या वाडीत माणसं येत, पापडीची, नालासोपाऱ्याची, कधी थेट डहाणूकडची. पिवळे डोळे घेऊन ओटीवर ओळीने बसत. अप्पा आतून ताकात कालवलेला हिरवा रस आणून एकेकाला पाजत, तेल-तिखटाचं पथ्य सांगत, आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत स्वतः पाण्याचा थेंबही घेत नसत. पैसा घ्यायचा नाही हा घराचा दंडक. बरं वाटलं की माणसाने येऊन नारळ ठेवायचा. जे नारळ घेऊन परत येत ते अप्पांच्या औषधाने बरे झालेले असत. जे येत नसत त्यांनी पथ्य मोडलेलं असे. असा हिशेब असला की माणूस कधी चुकत नाही.

दुसरा दंडक जास्त कडक होता. झाडाचं नाव कुणाला सांगायचं नाही. शनिवारी दिवेलागणीला अप्पा एकटे वाडीत जात, झाडापाशी तांदळाचे चार दाणे आणि सुपारी ठेवून त्याला उद्याचं आमंत्रण देत, आणि रविवारी उजाडायच्या आत, वाटेत कुणाशी न बोलता, पाला खुडून आणत. आमंत्रण द्यायचं म्हणून घरात त्या झाडाला पाहुणी म्हणत. नाव फुटलं की गुण जातो, असं आजा सांगून गेला होता. बायकोला, जयवंतीला, तर मुळीच सांगायचं नव्हतं, कारण बायका माहेरी नेतात. जयवंतीबाईंचं माहेर कधीच ओस पडलं होतं, घराचं कुलूपही गंजलं होतं, तरी ही बाई एक दिवस पदराखाली पाला घालून पळणार, अशी धास्ती अप्पांना म्हातारपणातही होती.

जितेशची बायको सुरुची विरारच्या बाजूला एका फार्मसी कॉलेजात शिकवायची. शिकवता शिकवता पीएच.डी. करत होती, म्हणजे करायची धडपड करत होती. पहिला विषय घेतला तो कुणीतरी आधीच करून ठेवलेला निघाला. दुसऱ्याला गाईडने नाक मुरडलं. मध्ये बाळंतपण झालं, मग मुलीची आजारपणं. आता विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली होती. ती संपली की नोंदणी रद्द, आणि कॉलेजला हल्ली डॉक्टरेटवालेच शिक्षक हवे असल्याने नोकरीचाही भरवसा नाही. तिच्या गाईडनेच एकदा सहज विचारलं, तुमच्या वसईकडे घराघरात औषधं असतात ना? आणि सुरुचीला सासऱ्यांची पाहुणी आठवली.

श्रावणातल्या एका शनिवारी ती सांडोरला आली आणि अप्पांसमोर पाटावर बसली.

"अप्पा, तुमची पाहुणी मला तपासायला द्याल का?"

"कशावर तपासणार?"

"उंदरांवर."

"उंदरांना कावीळ होते?"

"होत नाही. आपण करायची. एक केमिकल देऊन त्यांचं लिव्हर बिघडवायचं. मग काहींना तुमचा पाला द्यायचा, काहींना नाही द्यायचा, आणि काय फरक पडतो ते बघायचं."

अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चांगल्या उंदराला आजारी पाडायचं आणि मग बरं केलं म्हणून टाळ्या पिटायच्या. ह्याला तुमच्यात शिक्षण म्हणतात?"

"म्हणतात, अप्पा," सुरुची म्हणाली. ती चिडली होती, पण गरज तिची होती. "माझी डिग्री आता ह्याच्यावरच आहे. ह्या वेळी नाही झालं तर संपलं. परत संधी नाही."

आतून जयवंतीबाई म्हणाल्या, "द्या की हो. पोरीचं काम होईल."

अप्पा सरळ नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण मनवेलपाड्यात कुणी परेश नावाच्या माणसाने स्वतःचा फोटो छापलेल्या बाटल्यांतून 'लिव्हर काढा' विकायला सुरुवात केली होती, आणि अप्पांच्या ओटीवरची काही गिऱ्हाइकं तिकडे वळली होती. सुरुचीने ते बरोबर ओळखून म्हटलं, "त्याच्याकडे पुरावा काही नाही. तुमच्याकडे असेल." हे अप्पांना झोंबलं. पुरावा हवा होता, पण पाहुणी द्यायची नव्हती. एवढ्याशा अडचणीवर साध्या माणसाला उपाय सुचला नसता. अप्पांना सुचला, कारण ते स्वतःला हुशार समजत.

दुसऱ्या दिवशी ओटी रिकामी झाल्यावर ते वाडीच्या टोकाला, बावखलापाशी गेले. राऊतांच्या वाडीतलं ते गोड्या पाण्याचं तळं जुनं, काठावर रान माजलेलं. तिथे एक तण उगवतं. जाड पानांचं, उग्र वासाचं, ज्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. अप्पांनी त्याचा भारा उपटला, ओल्या फडक्यात बांधला आणि देव्हाऱ्यातला प्रसाद द्यावा तसा दोन्ही हातांनी सुनेला दिला.

"जमिनीत उगवलेलं दाखवाल का मला? जागेची नोंद लागते."

"जागा दाखवता येत नाय," अप्पा म्हणाले. "बावखलाच्या काठी हाय एवढं लिही."

ती वाकून त्यांच्या पाया पडली. घरच्या माणसाने, सासऱ्याने, तेही देवाधर्माच्या गोष्टीत शेंडी लावली असेल, असं कुणाच्या मनात येईल? अप्पांचा बेत साधा होता. उंदीर मरतील, किंवा काहीच होणार नाही. मग आपण म्हणायचं, बघ, नाव शोधायला गेलात आणि गुण गेला. पाहुणी घरात राहील आणि शास्त्राचं नाकही कापलं जाईल. सुनेचं काय होईल, हा प्रश्न त्यांना पडला नाही असं नाही. पडला. पण बायकांना डिग्री कशाला हवी, ह्या उत्तरावर तो तिथल्या तिथे मिटला.

मुंबईच्या एका वनस्पतीतज्ज्ञाने त्या तणाला लांबलचक लॅटिन नाव असल्याचं कळवलं. सुरुचीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज फुटत होता. "अप्पा, ह्याच्यावर लिव्हरसाठी कुणीच काम केलेलं नाही! जगात कुणीच नाही!"

"कसं करतील," अप्पा म्हणाले. त्या वर्षात ते एवढं एकच वाक्य खरं बोलले.

मग ती कामाला लागली. सुट्टीच्या दिवशीही कॉलेजच्या प्राणिगृहात जायची. मुलीला सांडोरला ठेवून जायची, घ्यायला यायची तेव्हा अंगाला उंदरांच्या पिंजऱ्यांचा वास असायचा. अप्पा नाकाला उपरणं लावायचे. "आले का तुझे पेशंट नारळ घेऊन?" असं विचारायचे. दर थोड्या दिवसांनी ती आणखी पाला मागायची आणि अप्पा बावखलावरून मुकाट आणून द्यायचे. आता ती जागाही तिने बघून ठेवली होती. अप्पांनी हरकत घेतली नाही. तण बघून कोण काय नेणार होतं?

आणि मग पुढच्या वर्षी, गणपतीच्या सुमारास, सुरुची पेढे घेऊन आली.

गुण आला होता. थोडाथोडका नाही, चांगला डोळ्यात भरण्यासारखा. ज्या उंदरांना तो पाला दिला त्यांचं लिव्हर सावरलं होतं, ज्यांना नाही दिला त्यांचं नव्हतं. गाईडने तीनदा आकडे तपासून घेतले होते. "तीन पिढ्या माणसं पितात, त्याला आधार सापडला, असं म्हणाले सर," सुरुची सांगत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. प्रबंधाच्या नावातच वसईच्या एका कुटुंबाची परंपरागत वनस्पती असं लिहिलं होतं, आणि पहिल्याच पानावर अप्पांचे आभार.

अप्पांनी पेढा तोंडात टाकला. एवढं शिकून ह्यांना तण आणि औषध ओळखता येत नाही, ही त्यांची पहिली प्रतिक्रिया. उंदरांना काय, काहीही चालतं, ही दुसरी. खरं सांगायचं असतं तर ती वेळ होती. पण सांगितलं तर पेढा परत द्यावा लागला असता. अप्पा दुसरा पेढा घ्यायला वाकले.

पापडीच्या ज्येष्ठ नागरिकांनी अप्पांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. पापडीचाच पास्कल, ज्याची कावीळ अप्पांनी बरी केली असं सगळे धरून चालत, तो उठून बोलला. "अप्पा रविवारी उपाशी बसतात, ते कोणासाठी? आपल्यासाठी!" टाळ्या पडल्या. सुरुचीने उभं राहून सांगितलं की श्रेय तिचं नाही, राऊतांच्या घराचं आहे. मग अप्पा बोलले. "आमच्या पूर्वजांनी एकही उंदीर न मारता जे शोधलं, ते ह्या लोकांना आज कळतंय." पुन्हा टाळ्या. स्टेजवर सुरुची त्यांच्या पाया पडली तेव्हा अप्पा वर पंख्याकडे बघत होते. शेळीने नाकारलेल्या तणाच्या जोरावर मिळालेली शाल त्यांना चांगली ऊबदार वाटली. असल्या माणसाला लाज म्हणून काही असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर सांगतो, थोडी होती. घरी येईपर्यंत टिकली.

प्रबंध गेला. तोंडी परीक्षा, व्हायवा, ठरली. मुदत संपायच्या जेमतेम आत.

व्हायवाच्या आधीच्या शनिवारी सकाळी जयवंतीबाईंनी चहाचा कप पुढे करताना नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "अहो, डोळे बघू."

"काय झालं डोळ्यांना?"

"पिवळे झालेत."

"ऊन लागलं असेल."

"ऊन कधीपासून पिवळं करायला लागलं?" जयवंतीबाई म्हणाल्या. त्यांनी इतकी वर्षं ओटीवर पिवळे डोळे पाहिले होते, त्यांना काय शिकवणार? दुपारपर्यंत अप्पांना मळमळायला लागलं, अंगाला खाज सुटली, आणि संध्याकाळी जितेश, सुरुची आले तेव्हा काळा चष्मा लावून बसलेल्या अप्पांना बघून काही विचारायची गरजच राहिली नाही.

"रक्त तपासायचं," सुरुची म्हणाली. "आत्ता."

"मना कावीळ? माझ्या घरात?" अप्पा ओरडले. ह्या ओरडण्यात आजारापेक्षा अपमान जास्त होता.

"बरं, मग दोन्ही करू," सुरुची म्हणाली. "उद्या सकाळी घरचं औषध घ्या, त्यानंतर टेस्ट."

"देणाऱ्याने स्वतःच्या हातचं घ्यायचं नसतं," जयवंतीबाईंनी आठवण करून दिली. "सुरुचीला झाड ठाऊक झालंय ना आता? ती देईल."

अप्पांनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला. सुरुची आंघोळ करून आली. जी बाई तांदूळ-सुपारीला मनातून हसायची, तिने वाटीत तांदूळ घेतले, सुपारी घेतली आणि दिवेलागणीला बावखलाकडे गेली. अप्पा ओटीवरून बघत होते. सून तणापुढे वाकली, सुपारी ठेवली, हात जोडले. रोज दुसऱ्यांना हसणाऱ्या अप्पांना ह्या दृश्यावर हसू यायला हवं होतं. आलं नाही. ते उठून आत गेले.

रविवारी सगळ्यांच्या आधी ते उठले आणि कुंपणाच्या बाजूला, केळीच्या वाफ्यात गेले. खरी पाहुणी तिथे होती. घोट्याएवढी, बारीक पानांची. नियम गेला खड्ड्यात, मूठभर चावून खायची आणि गप्प येऊन बसायचं, असं ठरवून ते वाकले. एक डहाळी मोडली. आणि तिथेच बसून राहिले. आजवर हजारदा त्यांनी ही डहाळी मोडली होती, पण ती स्वतःच्या पोटात जाणार आहे असं धरून तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. हिने नक्की काय होतं? नारळ घेऊन जे परत आले ते ठाऊक होते. जे आले नाहीत त्यांचं पुढे काय झालं, हे त्यांनी एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. अप्पांची पाचावर धारण बसली. डहाळी वाफ्यात टाकून ते घरी आले.

घरात सुरुची वाटी घेऊन उभी होती. ताकात कालवलेला हिरवागार रस. ओटीवर रविवारची माणसं येऊन बसली होती आणि अप्पांना स्वतःचं औषध घेताना बघायला माना उंचावत होती. अप्पांनी वाटीत पाहिलं. हे आजवर फक्त उंदरांनी प्यायलं होतं.

"मना दवाखान्यात न्या," ते म्हणाले.

ओटीवरचा एक माणूस हळूच उठला, चपला शोधून वाडीबाहेर गेला. त्याच्या मागोमाग दुसरा.

स्टेशनाजवळच्या एका खाजगी इस्पितळात अप्पांना बाकावर बसवलं. सुरुचीने वाटीतला रस स्टीलच्या डब्यात भरून बरोबर आणला होता. टेस्ट झाली की घेतील, अशी तिची समजूत. शेजारच्या बाकावरून आवाज आला, "अप्पा! तुम्ही इथं?"

पास्कल होता.

"तू इथं कसा?" अप्पांनी विचारलं.

"मी तर इथलाच झालो. मागे कावीळ झाली तेव्हा इथंच पडून होतो ना. अजून डॉक्टर बोलावतो तपासायला."

"आणि माझं औषध?"

"घेतलं की. इथून सुटलो आणि पुढच्या रविवारी तुमच्याकडे आलो." पास्कलने मुलाला समजवावं तसा आवाज खाली आणला. "सगळेच तसं करतात, अप्पा. डॉक्टरच्या गोळ्या रोज, आणि एक रविवार तुमच्याकडे. तुम्ही म्हातारे माणूस, उपाशी बसता. नाय आलं तर बरं दिसत नाय."

अप्पांना कुणी शिवी दिली असती तर त्यांच्याकडे दहा तयार होत्या. आपली कुणाला दया येत असेल, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. ते भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत राहिले.

पास्कलने सुरुचीच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं. "डब्यात काय गं पोरी? भुईआवळी आणलीस?"

"नाही काका," सुरुची हसून म्हणाली. "भुईआवळी वेगळी. ही आमच्या घरची आहे."

"अगं तीच तुमच्या घरची. पाहुणी म्हणजे भुईआवळीच ना? कुंपणाकडे केळीच्या वाफ्यात हाय, माझ्या आईने मना लहानपणी दाखवली. अख्ख्या सांडोरला माहीत हाय. नाव घेतलं की अप्पांना राग येतो म्हणून कोणी बोलत नाय." मग त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. "चुकलं काय माझं?"

सुरुचीने सासूकडे पाहिलं. जयवंतीबाई म्हणाल्या, "पाला खुडून देठ गोठ्यामागेच टाकतात हे. झाडते मीच, ओळखते मी. मला वाटलं तुलाही तेच दिलंय."

"भुईआवळी," सुरुची सावकाश म्हणाली. "अप्पा, आमच्या कॉलेजच्या दारात कुंडी आहे भुईआवळीची. पाटी लावून. पहिल्या वर्षाच्या मुलांनासुद्धा पाठ असते. तिच्यावर इतकं काम झालंय की तुम्ही ती दिली असतीत तर मी त्याच दिवशी हात जोडून नको म्हटलं असतं. ही लपवली होतीत तुम्ही? ही?"

अप्पांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं.

"मग मला जे दिलंत ते काय होतं?"

"बावखलावरचं. तण हाय."

"कुणी घेतलंय ते? कधी? माणसाने?"

"तुझ्या उंदरांनी," अप्पा म्हणाले, आणि ते कसं ऐकू येतंय हे त्यांचं त्यांनाच कळलं.

सुरुची उठली, कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये तिने डबा उपडा केला आणि हिरवं सगळं वाहून जाईपर्यंत नळ चालू ठेवला. परत येऊन म्हणाली, "सकाळी मी हे तुम्हाला पाजणार होते. तीन पिढ्या पितात म्हणून. न तपासता."

अप्पा तिच्याकडे झुकले, हलक्या आवाजात म्हणाले, "कोणाला कळणार नाय. तण तर तण, गुण आला ना? तुझी परीक्षा होऊ दे. पास्कल काही बोलायचा नाय. मी सांगतो त्याला."

"पहिल्या पानावर लिहिलंय की माणसं पिढ्यान् पिढ्या घेतात. उद्या कुणीतरी ते वाचून पाला वाटून पिईल."

"सुरुची," जितेश म्हणाला, "मुदत संपतेय. आता थांबवलंस तर सगळंच गेलं."

"माहीत आहे मला."

तिने तिथेच, बाकाशेजारी उभं राहून गाईडला फोन लावला. नमुन्याची माहिती खोटी होती, सर. नाही, माझ्याच घरातून. हो, मुदतीचं ठाऊक आहे. नाही सर, आकडे खरे आहेत, पण ज्याच्यावर प्रबंध उभा आहे ते खरं नाही. व्हायवा रद्द करा. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. तिने शेवटी फक्त "हो" म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला आणि अप्पांच्या समोर बसली. त्यांच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर अप्पांनी उलट राग केला असता आणि मोकळे झाले असते. ती नुसती बघत होती. दारात शिळ्या मासळीची टोपली ठेवून विकणारा आग्रह करायला लागला की माणूस बघतो, तसं.

नर्सने नाव पुकारलं. डॉक्टर पोरगेलासा होता, जितेशपेक्षाही लहान. त्याने अप्पांच्या पापण्या खाली ओढून पाहिलं, पोट दाबलं, सोनोग्राफी लिहिली. मग पेन थांबवून काविळीच्या प्रत्येक पेशंटला विचारतो तसं त्याने विचारलं, "झाडपाल्याचं, घरगुती काही औषध घेतलंत का, आजोबा?"

जितेशने बायकोकडे पाहिलं. सुरुची म्हणाली, "त्यांनाच विचारा."

डॉक्टर वाट बघत होता. दार उघडंच होतं आणि बाहेरच्या बाकावरून पास्कलही बघत होता. अप्पांनी मान खाली घातली.

"नाय," ते म्हणाले. "मी घेत नाय. मी देतो."